कॅनन जी7एक्स मार्क 3 की सोनी आरएक्स100 मार्क 7: शहाद्याच्या शिक्षिकेने कोणता घ्यावा?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. तुम्ही शहादा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता. पर्समध्ये मावेल असा एक चांगला कॅमेरा घ्यायचाय आणि निवड कॅनन जी7एक्स मार्क 3 आणि सोनी आरएक्स100 मार्क 7 या दोघांवर येऊन थांबलीय. फोटो काढायचेत ते वर्गातल्या मुलांचे, स्नेहसंमेलनाचे, सारंगखेड्याच्या घोड्यांचे, सहलीत अजिंठ्याचे, आणि जमलं तर एकदा काठी गावच्या होळीचे. व्हिडिओ अधूनमधून.

तुमच्यासाठी मी कॅनन सांगेन. माझा अमळनेरला फोटो स्टुडिओ आहे, लग्नाची कामं मोठ्या कॅमेऱ्यावर करतो, आणि खिशात असतो तो सोनीचाच. तरीही तुम्हाला कॅनन का सुचवतोय ते नीट सांगतो, कारण एवढे पैसे कुणाच्या नुसत्या शब्दावर घालू नयेत.

दोन्ही कॅमेरे 2019 चे. दोन्हींत एक इंची म्हणतात तो सेन्सर (उजेड टिपणारा भाग) आहे, म्हणजे प्रत्यक्षात 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा, 20 मेगापिक्सेलचा. वजनही दोघांचं तीनशे ग्रॅमच्या आसपास. दुपारच्या उजेडात एकाच ठिकाणी उभं राहून दोन्हींवर फोटो काढलेत तर कुठला कशावरचा हे ओळखणं अवघड जाईल. तेव्हा ‘कुणाची क्वालिटी भारी’ या वादात पडू नका. खरा फरक पुढच्या काचेत, म्हणजे लेन्समध्ये आहे. तिचा मिलिमीटरचा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं, आणि एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो.

कॅननची लेन्स 24 ते 100 मिलिमीटर, एफ/1.8 ते 2.8. सोनीची 24 ते 200, एफ/2.8 ते 4.5. सोनी दुप्पट लांब पाहतो, कॅनन जास्त उजेड आत घेतो. इतक्या लहान अंगात दोन्ही एकदम बसत नाही, म्हणून प्रत्येक कंपनीने एक बाजू धरली. एफ/1.8 आणि एफ/2.8 हे आकडे कागदावर जवळजवळचे दिसतात, पण उजेडाच्या हिशेबात कॅनन जवळजवळ अडीचपट पुढे आहे.

हे अडीचपट तुमच्या वर्गात काय करतं ते बघा. आपल्याकडच्या शाळेच्या खोलीत उजेड एका बाजूच्या खिडकीतून येतो, आणि उन्हाळ्याकडे झुकलं की त्या खिडक्याही अर्ध्या लोटलेल्या असतात. समजा अशा खोलीत सोनीवर शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, 1/50 सेकंदाचं मिळालं. तेवढ्याच आयएसओवर (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) कॅनन तुम्हाला 1/125 च्या जवळ नेईल. फळ्याकडे धावणारं पोर, हात वर करून ‘बाई, मी सांगू?’ म्हणणारी मुलगी, 1/50 वर यांचे हात आणि चेहरे पुसट येतात. 1/125 वर बहुतेक वेळा स्पष्ट येतात. लहान मुलं फोटोसाठी थांबत नाहीत, आणि थांबली की तो फोटो आपल्याला नको असतो.

इथे दुकानदार तुम्हाला ‘दोन्हींत स्टॅबिलायझेशन आहे, काळजी नको’ असं सांगेल. खरं आहे, दोन्हींत आहे. पण स्टॅबिलायझेशन सावरतं ते आपल्या हाताचं हलणं. समोरचं माणूस हललं तर त्याला ते काही करू शकत नाही. खांब, मूर्ती, भिंतीवरचं चित्र यांना उपयोगी, नाचणाऱ्या पोरांना नाही. स्नेहसंमेलनात तर ही अडचण दुप्पट होते, कारण स्टेजवरचे दिवे आपल्या डोळ्यांना वाटतात तेवढे प्रखर नसतात, आणि नाच जोरात चालू असतो. तिथे कॅननवर डायल ‘टीव्ही’ (Tv) अक्षरांवर ठेवा, म्हणजे शटर आपल्याला ठरवता येतं, शटर 1/250 करा, आयएसओ ऑटोवर सोडा आणि स्टेजच्या जवळ जाऊन बसा. शिक्षिका असल्याचा हा फायदा आहे, तुम्हाला पहिल्या रांगेतून कुणी उठवणार नाही. शंभर मिलिमीटर तिथून भरपूर होतं.

अजिंठ्याला लेण्यांत फ्लॅश मारायला मनाई आहे आणि ती पाळलीच पाहिजे, कारण उजेडानं ते रंग मरतात. तिपाई परवानगीशिवाय नेता येत नाही. आत दिवे मंद असतात. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या चित्रासमोर आपण कठड्याबाहेर उभे असतो आणि डोळे सरावायलाच वेळ लागतो. चित्र हलत नसल्यामुळे इथे स्टॅबिलायझेशन कामाला येतं, दोन्ही कॅमेरे निभावतात, तरी एफ/1.8 मुळे आयएसओ खाली ठेवता येतो आणि गेरूच्या लाल-तपकिरी छटा दाणेदार न होता येतात. इथे रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) जरूर काढा, दिव्यांचा पिवळेपणा नंतर घालवता येतो. सहल ठरवताना सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. आणि परतीची गाडी भुसावळमार्गे असेल तर मुलांना मेजर रॉबर्ट गिल यांची गोष्ट सांगा. 1844 पासून त्यांनी वर्षानुवर्षं तिथे राहून या चित्रांच्या तैलरंगी नकला केल्या, त्यातल्या बऱ्याचशा 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे ते कॅमेऱ्याकडेही वळले. 1879 मध्ये वारले, त्यांची कबर भुसावळला आहे. अंधारातलं अजिंठा बाहेर आणायची धडपड आपल्याकडे इतकी जुनी आहे.

आता सारंगखेडा. तिथे सोनीचं पारडं जड आहे, हे मी मोकळेपणानं सांगतो. दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्याची चाल बघायला माणसांचं कडं उभं असतं आणि आपण त्या कड्याच्या मागे असतो. घोडा लांब, मध्ये पागोट्यांची रांग. 200 मिलिमीटर असेल तर घोड्याचं डोकं, आयाळ आणि लगाम धरलेला हात एवढंच चौकटीत घेता येतं. शिवाय सोनीचा फोकस फेज डिटेक्शनचा, म्हणजे लेन्स कुठे न्यायची हे थेट ओळखणारा, 357 बिंदूंचा. धावत्या घोड्यावर फोकस धरून सेकंदाला 20 फोटो काढतो. कॅनन कॉन्ट्रास्ट पद्धतीनं, म्हणजे लेन्स पुढे-मागे करून चाचपत फोकस करतो. त्याचेही 20 होतात, पण फोकस एका जागी पक्का ठेवून. घोड्याबरोबर फोकस हलवायचा म्हटलं की सेकंदाला आठच्या आसपास. धावता घोडा हाच तुमचा मुख्य विषय असता तर मी डोळे झाकून सोनी म्हटलं असतं.

पण यात्रा म्हणजे फक्त धाव नाही. सकाळी लवकर गेलात तर घोडेबाजारात घोडे खुंट्याला बांधलेले असतात, मालक खरारा करत असतो, दात बघून सौदा चालू असतो. तिथे आपण हाताच्या अंतरावर असतो. मला स्वतःला त्या यात्रेतले हेच फोटो जास्त आवडतात, आणि त्यासाठी शंभर मिलिमीटर पुरून उरतं. एवढंच करा, घोड्याच्या मागे उभं राहू नका आणि मालकाला विचारल्याशिवाय जवळ जाऊ नका.

सोनीचा दुसरा मोठा गुण म्हणजे व्ह्यूफाइंडर. वरच्या कोपऱ्यातून तो बाहेर येतो, डोळा लावायचा, ऊन कितीही असो चित्र स्वच्छ दिसतं. कॅननला तो नाही, फक्त मागचा स्क्रीन. मार्चनंतर आपल्याकडे दुपारी शेतात उभं राहून कुठलाही स्क्रीन बघा, स्वतःचं तोंड दिसतं. माझा बराच वेळ केळीच्या बागांत आणि भर उन्हातल्या वरातींत जातो, म्हणून माझ्याकडे सोनी आहे. तुमच्या यादीत मात्र दुपारचं उघडं ऊन फारसं नाही. वर्ग, रंगमंच, लेणी, पहाटेची होळी, सगळीकडे उजेड कमी आहे. उरला डिसेंबरमधला सारंगखेडा, तिथे स्क्रीनची प्रखरता वाढवून आणि टोपीची सावली धरून भागतं.

काठीची होळी पहाटे पेटते, त्याआधी रात्रभर नाच. कमरेला घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचे टोप, अंगावर नक्षी, आणि उजेड फक्त इकडेतिकडे. फ्लॅश मारला तर त्या रात्रीचा रंगच जातो. इथे एफ/1.8 सोडून दुसरा विचार नको. झूम सगळा मागे, 24 मिलिमीटरवर ठेवा, कारण झूम वाढवला की कॅननचीही लेन्स एफ/2.8 पर्यंत आकसते. होळी पेटल्यावर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) एक पायरी खाली घ्या, नाहीतर ज्वाळेच्या जागी पांढरा डाग येतो. ज्वाळेसमोरून जाणाऱ्या माणसांच्या आकृत्या आपोआप मिळतात. आणि ताई, हा तिथल्या आदिवासींचा नवसाचा, व्रताचा सण आहे. कुणाच्या तोंडासमोर कॅमेरा धरण्याआधी नजरेनं का होईना विचारा. तुमच्या वर्गात त्याच गावापाड्यांवरची मुलं असतील तर त्यांनाच सोबत घ्या, वाटही तीच दाखवतील.

ऊन आणि धूळ यांबद्दल दोन्ही कॅमेरे सारखेच नाजूक आहेत. दोन्ही कंपन्या कॅमेरा 0 ते 40 अंशांत वापरा असं सांगतात, आणि आपला मे महिना 44-45 वर जातो. उभ्या गाडीत कॅमेरा कधीच ठेवू नका. उन्हात 4के व्हिडिओ लांबवू नका, इतक्या लहान कॅमेऱ्यात उष्णतेला बाहेर पडायला जागा नसते. कॅननवर तशीही 4के ची एक क्लिप दहा मिनिटांच्या आत थांबते. मुलांच्या नाटकासाठी फुल एचडी ठेवा, शाळेच्या टीव्हीवर काही कमी वाटणार नाही.

धूळ जास्त घातक. लेन्स आतबाहेर होताना लोहाराच्या भात्यासारखी हवा ओढते आणि हवेबरोबर माती आत जाते. ती सेन्सरवर बसली की घरी साफ करता येत नाही, कॅमेरा उघडावा लागतो. म्हणून यात्रेत घोडे उधळले की चालू-बंद करत बसू नका. लेन्स बाहेर असेल तर तशीच राहू द्या, धुरळा बसला की मऊ ब्रशनं झटका आणि मग बंद करा. पर्समध्ये झिपची पिशवी ठेवा.

बॅटरी दोघांची जेमतेम. कंपनीच्या मोजमापानं कॅननवर एका चार्जमध्ये 235 फोटो, सोनीवर 260. जास्तीची एक बॅटरी कॅमेऱ्याबरोबरच घ्या, काठीला जाणार असाल तर दोन. कॅननला टाइप-सी आहे, पण घरातला कुठलाही जुना चार्जर त्याला चालत नाही, ‘पीडी’ लिहिलेला लागतो. सोनीला जुनं मायक्रो यूएसबी.

किमतीचं बोलायचं तर बाजारात आले तेव्हा कॅनन अमेरिकेत सुमारे 750 डॉलरला होता आणि सोनी 1,200 ला. आजही सोनी बराच महाग पडतो. त्या फरकात तुमच्या बॅटऱ्या, कार्ड, पिशवी आणि वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी एकेक प्रिंट सहज बसतं. ती प्रिंट द्याच. पाड्यावरच्या घरात मुलाचा भिंतीवर लावलेला फोटो किती जपला जातो, हे मी लग्नाच्या कामांत फिरताना पाहिलंय.

एक अडचण आहे. गेल्या काही वर्षांत कॅननच्या या मॉडेलला मागणी फार वाढली आणि माल लवकर मिळत नाही. कुणी खोक्यावरच्या छापील किमतीपेक्षा जास्त मागत असेल तर सरळ उठून या. भारतातल्या वॉरंटीचं पक्कं बिल नसेल तर स्वस्त मिळाला तरी नको. महिना-दोन महिने थांबावं लागलं तर थांबा.

थांबायचं नसेल तर तिसरी वाट आहे, सोनीचाच आरएक्स100 मार्क 5ए. त्याची लेन्स 24 ते 70, एफ/1.8 ते 2.8, म्हणजे कॅननसारखी उजेडाची, आणि वर व्ह्यूफाइंडरही. टचस्क्रीन नाही आणि झूम 70 वर संपतो. चांगला वापरलेला मिळाला तर तुमच्या कामाला तो मार्क 7 पेक्षा जास्त शोभेल.

वापरलेला घेताना तिथल्या तिथे तीन गोष्टी तपासा. चालू-बंद दहा वेळा करा, लेन्स एकदाही अडखळता कामा नये. व्ह्यूफाइंडर असेल तर तो वर-खाली करून बघा. मग ॲपर्चर (लेन्सचं उजेड घेणारं छिद्र) एफ/11 वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढा आणि मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्यात बघा. काळपट ठिपके दिसले तर आत धूळ आहे, तो कॅमेरा सोडा.

नवीन घेतानाही दुकानात शोकेसच्या झगझगीत दिव्यांखाली फोटो काढून ठरवू नका. दुकानाच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात कुणाला तरी चालायला सांगा, फ्लॅश बंद ठेवून दोन्ही कॅमेऱ्यांवर त्याचा फोटो काढा, आणि चेहरा मोठा करून बघा.