पहाटे शिवडीला पळणारा मुलगा आणि बीकॉम

ताई, पत्र वाचलं. मुलगा एसवायबीकॉमला, पहाटे उठून मुलुंडहून कुर्ल्याला हार्बर लाइनची लोकल पकडून शिवडीच्या खाडीवर फ्लेमिंगोंचे फोटो काढायला जातो, बऱ्याचदा एकही फोटो न घेता परत येतो आणि आता म्हणतोय कॉलेज सोडतो, मोठा कॅमेरा घेऊन द्या. हे नुसतं वेड आहे का, असं तुम्ही विचारलंय.

रिकाम्या हाताने येतो त्याचं टेन्शन घेऊ नका. फ्लेमिंगो चिखलात चरतात ते ओहोटीला आणि ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आज सूर्योदयाला ओहोटी मिळाली तर परत तसं जुळायला जवळपास 15 दिवस जातात, आणि त्या दिवशी नेमकं धुरकं असलं की संपलंच! तरी तो परत जातोय ना, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पण खरंच मेहनत घेतोय की नुसता भटकतोय हे बघायचं असेल तर एकाच जागेचे वेगवेगळ्या दिवसांचे फोटो दाखवायला सांगा आणि डिटेल्समध्ये वेळ बघा. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, चांगला उजेड त्याच्या अर्धा तास आधीच सुरू होतो. पहिला फोटो साडेसातचा असेल तर साहेब चहा पिऊन पोचलेत.

आता पैशाचं. नुसत्या निसर्गाच्या फोटोंवर घर चालवणारे फार थोडे, बाकीचे लग्नं, प्रॉडक्ट, हॉटेल-इंटिरियर शूट करतात आणि पहाट स्वतःसाठी ठेवतात. आणि कॉलेज अजिबात सोडू देऊ नका, कारण पुण्याच्या एफटीआयआयचा (फिल्म इन्स्टिट्यूटचा) सिनेमॅटोग्राफी कोर्स काय किंवा एनआयडीचा (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनचा) फोटोग्राफीचा मास्टर्स काय, दोन्हीला आधी डिग्री लागते. शिवाय कोटेशन, अ‍ॅडव्हान्स, जीएसटी कळणारा फोटोग्राफर क्लायंटकडून फसत नाही (आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांचं रडगाणं हेच असतं), तेव्हा बीकॉम वाया जाणार नाही.

कॅमेरा आत्ता नको. आहे त्याच्यासाठी धड ट्रायपॉड घेऊन द्या, कमी उजेडात शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं, तिथे हात हलला की महागडा कॅमेराही काही करू शकत नाही. आणि परीक्षेच्या महिन्यात खाडी बंद, हे त्याला स्पष्ट सांगा, ऐकत नसेल तर खुशाल माझं नाव पुढे करा.