धुरातला निर्णय आणि कागदावरची सही : वाचकांचे प्रश्न

दरवर्षी 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. 1944 साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे स्फोटके आणि कापसाच्या गाठी भरलेले जहाज पेटले, आणि ती आग विझवत असताना झालेल्या स्फोटांत मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान मृत्युमुखी पडले. या सप्ताहाच्या निमित्ताने दलातील प्रशिक्षण, नोकरी आणि कायदा यांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

माझ्या मुलीने यंदा बारावीची परीक्षा दिली असून तिला फायर ब्रिगेडमध्ये जायचे आहे. नातेवाईक म्हणतात, हे मुलींचे काम नव्हे. प्रशिक्षणात नेमके काय करावे लागते? आम्ही तिला जाऊ द्यावे का? — एक आई, कराड

ताई, नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात 2002 साली हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला, तेव्हा त्या तिथल्या पहिल्या विद्यार्थिनी होत्या. ‘मुलींचे काम नव्हे’ या वाक्याला त्यांनी अभ्यासक्रम पूर्ण करूनच उत्तर दिले. आज राज्यातील मोठ्या महानगरपालिकांच्या दलांत महिला जवान प्रत्यक्ष आगीवर काम करतात, त्यामुळे आपल्या मुलीला वाट नव्याने पाडावी लागणार नाही.

राज्य अग्निशमन सेवेचे प्रशिक्षण केंद्र मुंबईत सांताक्रूझला आहे. तेथे अग्निशामकाचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा, तर पदवीधरांसाठी उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंध अधिकारी पदाचा अभ्यासक्रम एका वर्षाचा असतो. उंची, वजन आणि वयाच्या अटी भरतीगणिक बदलतात, म्हणून क्लासवाल्यांच्या पत्रकावर विसंबू नका. मूळ जाहिरात स्वतः वाचा.

पहाटेची धाव, कवायत, शिडीवर चढणे, माणूस खांद्यावर घेऊन उतरणे, होज म्हणजे पाण्याची नळी पसरणे आणि गुंडाळणे, हे सारे असतेच. मात्र या शिक्षणाचा गाभा, माझ्या मते, धुराच्या खोलीत असतो. तेथे प्रशिक्षणार्थीला काळोखात गुडघ्यांवर पुढे सरकावे लागते, कारण धूर वर साचतो आणि त्यातल्या त्यात बरी हवा जमिनीलगत असते. भिंत चाचपडायची ती तळहाताने नव्हे, हाताच्या पाठीमागच्या बाजूने. उघड्या तारेत वीज असली तर झटक्याने स्नायू आखडतात, आणि तळहात पुढे असेल तर मूठ त्या तारेवरच आवळली जाते. आत जाताना जी भिंत धरली तीच धरून परतायचे, पुढच्या पायाखालची जमीन भक्कम असल्याची खात्री होईपर्यंत त्या पायावर भार टाकायचा नाही, आणि जोडीदाराला सोडून एक पाऊलही जायचे नाही. घाबरलेल्या मनालाही या गोष्टी आपोआप आठवाव्यात, एवढ्यासाठी त्या पुन्हापुन्हा करून घेतल्या जातात. मुलगी नियम पाळणारी आणि सहकाऱ्याचा विचार करणारी असेल, तर तिला अवश्य जाऊ द्या. केवळ धाडसाची हौस असेल, तर आधी एखाद्या केंद्रात नेऊन जवानांशी तिची गाठ घालून द्या.

माझे पती दलात लीडिंग फायरमन आहेत. आगीवरून आल्यावर त्यांच्या कपड्यांना दोन-दोन दिवस धुराचा वास येतो. त्याने काही अपाय होतो का? — एक वाचक, ठाणे

होतो, आणि ही गोष्ट आपल्याकडे फार हलक्यात घेतली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशामकाच्या व्यवसायातील संपर्काला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या, म्हणजे निश्चित पुरावा असलेल्या गटात टाकले. काजळी कातडीला आणि कापडाला चिकटून राहते. आगीवरचा गणवेश घरी आणू देऊ नका, तो केंद्रातच धुतला जावा असा आग्रह धरा; पतींनी केंद्रातच आंघोळ करून निघावे. आग विझल्यानंतर ढिगारा उपसताना पुष्कळ जण श्वसनयंत्राचा मुखवटा काढून ठेवतात. धुमसत्या सामानातून विषारी वायू तेव्हाही निघत असतात, हे त्यांना घरच्या माणसाने सांगितलेले अधिक पटेल.

आम्ही एका जुन्या वाड्याच्या आगीत दुसऱ्या मजल्यावर पोहोचलो होतो. आत एक वृद्ध गृहस्थ अडकल्याचे कळले होते. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा संपत आल्याची शिटी वाजू लागली, वरून माती पडत होती, आणि साहेबांनी मागे फिरण्याचा हुकूम दिला. आम्ही फिरलो. ते गृहस्थ वाचले नाहीत. आमचे चुकले का? — एक फायरमन

आपण लिहिलेल्या हकिगतीवरून सांगतो, आपले चुकले नाही. आपण सारे जाणताच, तरी इतर वाचकांसाठी थोडा हिशेब मांडतो. पाठीवरच्या सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बार दाबाने सुमारे 1800 लिटर हवा मावते. मिनिटाला 40 लिटर धरले तर ती कागदावर 45 मिनिटे पुरते. पण होज ओढत जिना चढणारा माणूस याच्या दुप्पट हवाही सहज घेतो. शिटी वाजते तेव्हा दाब साधारण 50 बारवर आलेला असतो, म्हणजे उरलेली हवा काही मिनिटांचीच. ती हवा केवळ परतण्यासाठी राखलेली असते. तिच्यावर पुढे जाणारा जवान थोड्याच वेळात स्वतः अडकलेला माणूस होतो, आणि मग त्याला शोधण्यासाठी आणखी दोघांना आत शिरावे लागते.

दुसरी बाब इमारतीची. लाकडी तुळया आतून जळत असतात, वर मारलेले पाणी गाद्या, कपडे आणि माती शोषून घेते, आणि लिटरमागे एक किलो या दराने मजल्यावरचा भार वाढत जातो. आत असलेल्याला हे दिसत नाही, बाहेर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला भिंतीचा फुगवटा आणि तडे दिसू शकतात. मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला 9 मे 2015 रोजी लागलेल्या आगीत ती जुनी इमारत कोसळली, आणि मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाने चार अनुभवी अधिकारी गमावले. आपल्या साहेबांनी दिलेला हुकूम याच अनुभवातून आलेला आहे.

तरीही मनातली सल हुकुमाने जात नाही, हे मी जाणतो. त्या रात्री सोबत असलेल्या सहकाऱ्यांशी बोला, झोप उडाली असेल तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा मानू नका. त्या गृहस्थांच्या नातेवाइकांनी विचारलेच, तर वरिष्ठांच्या परवानगीने जे घडले तेच सांगा. धीर देण्यासाठी रचलेली गोष्ट पुढे चौकशीत उघडी पडते, आणि त्यांचे दुःख दुप्पट होते.

गोदामाची आग शेजारच्या घरांकडे जाऊ नये म्हणून आम्ही मधली भिंत आणि एक पडवी पाडली. आता पडवीचा मालक पोलिसांत जाण्याची धमकी देतो, आणि गोदामाचा मालक अहवालात ‘शॉर्टसर्किट’ लिहा म्हणून मागे लागला आहे. काय करावे? — एक उपस्थानक अधिकारी, कोकण

पहिल्या धमकीने अजिबात विचलित होऊ नका. मोठे नुकसान टाळण्यासाठी, गुन्ह्याचा हेतू न ठेवता, सद्भावनेने लहान नुकसान करणे हा अपराध नव्हे, असे भारतीय न्याय संहितेचे कलम 19 सांगते. पूर्वीच्या दंड संहितेत हेच कलम 81 होते, आणि 1860 पासून त्याखाली जे उदाहरण दिलेले आहे ते आगीचेच आहे: मोठी आग पसरू नये म्हणून जीव किंवा मालमत्ता वाचवण्याच्या प्रामाणिक हेतूने घरे पाडणारा माणूस, संकट तेवढे गंभीर आणि निकटचे असेल तर, दोषी ठरत नाही. मात्र संकट खरोखर तसे होते, हे दाखवता आले पाहिजे. वाऱ्याची दिशा, ज्वाळा आणि पडवी यांतले अंतर, पाणी कमी पडत होते का, पाडण्याचा निर्णय किती वाजता आणि कोणी घेतला, हे वर्दीच्या, म्हणजे आगीच्या कॉलच्या, नोंदवहीत त्याच दिवशी लिहा आणि छायाचित्रे जोडा. महिनाभराने स्मरणातून लिहिलेल्या टिपणाला तेवढे वजन राहत नाही.

दुसऱ्या मागणीला मात्र ठाम नकार द्या. आगीत वायरींचे आवरण जळून तारा एकमेकींना लागतात आणि वितळतात. म्हणजे वितळलेली तार हे आगीचे कारण असू शकते, तसेच तो आगीचा परिणामही असू शकतो. विद्युत निरीक्षकांच्या तपासणीपूर्वी आपण ‘शॉर्टसर्किट’ लिहिले, तर विम्याचा दावा आणि कदाचित फौजदारी तपासही त्या एका शब्दावर उभा राहतो. ‘कारण निश्चित करता आले नाही’ हे वाक्य लिहिण्यात अधिकाऱ्याची अप्रतिष्ठा नाही. धुरात घेतलेल्या निर्णयाकडे कायदा उदारपणे पाहतो. टेबलाशी बसून केलेल्या खोट्या नोंदीला ती सवलत नाही, आणि माझ्या मते ती नसणेच योग्य आहे.

मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. एक एजन्सी पाहणी न करता, थोड्या पैशांत ‘फॉर्म बी’ देते. शेजारच्या सर्व सोसायट्या तेच करतात. आम्हीही घ्यावा का? — एक वाचक, पुणे

घेऊ नये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि तसे प्रमाणपत्र, म्हणजेच ‘फॉर्म बी’, परवानाधारक एजन्सीकडून दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. एजन्सीने खोटे लिहिले म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. निष्काळजीपणामुळे कोणाचा मृत्यू झाला, तर न्याय संहितेच्या कलम 106 नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी लागलेल्या आगीत 59 माणसे मेली, त्या खटल्यात मालकांबरोबर चित्रपटगृहाच्या ना-हरकत दाखल्यावर सही करणारा अग्निशमन दलाचा एक अधिकारीही दोषी ठरला. ती सही सरकारी होती, म्हणून सुटली नाही.

एजन्सीच्या माणसाला समोर उभे करून पंप सुरू करायला लावा, सर्वांत वरच्या मजल्यावरच्या हायड्रंटला, म्हणजे आगीसाठी ठेवलेल्या पाण्याच्या तोटीला, होज जोडून पाणी किती जोराने येते ते पाहा, टाकीतले राखीव पाणी मोजा, आणि जिन्यातल्या सायकली व कुंड्या त्याच दिवशी हलवा. त्याने नकार दिला तर तसे लेखी घ्या, दुसरी परवानाधारक एजन्सी नेमा, आणि पहिलीविषयीची तक्रार पत्राची पोच घेऊन मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या.