उत्तर: लॅब्राडॉरला लिम्फोमा, केमो सुरू होतेय. घरी काय सांभाळायचं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. आठ वर्षांचा लॅब्राडॉर, जबड्याखाली आणि मागच्या गुडघ्यांच्या मागे सुपारीएवढ्या गाठी, तपासणीत लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर), आणि पुढच्या आठवड्यात केमोचा पहिला डोस. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला कशाला छळता. जाऊबाई गरोदर आहेत. आणि या सगळ्यात घरी नेमकं करायचं काय, हे तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं नाही. आमच्या शेरूला हाच आजार झाला होता. त्याचा सगळा कोर्स मी घरून सांभाळला आणि नंतर ओळखीतल्या काही जणांच्या कुत्र्यांच्या वेळीही सोबत होते, म्हणून सविस्तर लिहिते. औषधांचे डोस अर्थातच डॉक्टर ठरवतील.

आधी सासूबाईंचं. त्यांच्या डोळ्यांपुढे माणसांची केमो आहे, आणि ती पाहिलेल्या कुणालाही असंच वाटेल. कुत्र्यांमध्ये उद्देशच वेगळा असतो. आजार मुळापासून काढायचा म्हणून शरीर सोसेल तेवढं औषध देत नाहीत; तो चांगला खाईल, फिरेल, झोपेल अशा बेताने डोस ठेवतात. लॅब्राडॉरचे केसही सहसा गळत नाहीत, फार तर मिशा जातात. पूडल, शिह त्झू यांच्यासारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींचे मात्र गळतात. बहुतेक कुत्र्यांच्या गाठी पहिल्या काही आठवड्यांतच बसतात. काहीच केलं नाही तर साधारण महिना-दीड महिना, नुसत्या स्टेरॉइडवर एक-दोन महिने, आणि चार औषधांच्या पूर्ण कोर्सवर बी-सेल प्रकारात सरासरी वर्षभर मिळतं. टी-सेल असेल तर कमी (कॅन्सर कोणत्या पांढऱ्या पेशींपासून सुरू झाला, त्यावरून हे दोन प्रकार पडतात). हे आकडे सासूबाईंना सरळ सांगा. पूर्ण बरा होईल असं मात्र सांगू नका, कारण बहुतेकांमध्ये आजार परत येतो. आणि पैशांमुळे किंवा वेळेमुळे तुम्ही नुसत्या गोळ्यांवर थांबायचं ठरवलंत, तरी तो निर्णयही प्रेमाचाच आहे, त्यासाठी कुणाचं बोलणं ऐकून घेऊ नका.

आता घरचं. माझ्या मते या सगळ्या उपचारात एकच गोष्ट जीव वाचवते, ती म्हणजे डोसनंतरचा कितवा दिवस चालू आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असणं. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात पोट बिघडतं: उलटी, पातळ शी, खाण्यावरून मन उडणं. यासाठीच्या गोळ्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, रात्री अकराला मेडिकल शोधत फिरू नका. पण खरा धोका त्यानंतर असतो. साधारण सातव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, आणि त्या दिवसांत साधा जंतुसंसर्गही काही तासांत अंगभर पसरू शकतो. बाहेरून कुत्रा फक्त जरा गप्प दिसतो. म्हणून पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. त्याच्यासाठी वेगळा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला व्हॅसलिन लावा. एकाने तोंडाशी बसून चिकनचा तुकडा चाटायला द्यायचा, दुसऱ्याने शेपटी उचलून थर्मामीटर गुदद्वारात इंचभर आत घालून बीप होईपर्यंत धरायचा. शेरू पहिल्यांदा गरकन वळला होता, नंतर थर्मामीटरची डबी दिसली की चिकनसाठी स्वतःच येऊन उभा राहायचा. नाक गरम-गार लागण्यावर अजिबात विसंबू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 103 किंवा वर गेलं की सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, ती कुत्र्यांना घातक ठरू शकतात.

एक वही करा. तारीख, औषध, ताप, खाणं, शी-शू, उलटी. प्रत्येक डोसआधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) होईलच, त्याचा रिपोर्टही त्यातच चिकटवा. पेशी कमी आल्या तर डॉक्टर डोस आठवडाभर पुढे ढकलतील. त्याने घाबरू नका, ढकलला म्हणजे उपचार फसला असं नाही.

औषधांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. व्हिन्क्रिस्टीनच्या इंजेक्शनला कुत्र्याने हलता कामा नये, शिरेबाहेर थेंब गेला तरी तिथलं मांस सडतं. म्हणून घाई करणाऱ्या ठिकाणी नेऊ नका आणि नंतर पायावर लाली-सूज दिसली तर लगेच परत जा. सायक्लोफॉस्फामाइड मूत्राशयाला जाळतं. ते सकाळीच दिलं जातं का बघा, त्या दिवशी पाणी भरपूर, आणि दर थोड्या वेळाने खाली न्या. लघवी तुंबून राहता कामा नये. नंतरच्या दिवसांत थेंब-थेंब होत असेल किंवा रक्त दिसलं तर कळवायचं. डॉक्सोरुबिसिननंतर मात्र एखादा दिवस लघवी लालसर येते, तो औषधाचाच रंग असतो. या औषधाचा परिणाम हृदयावर साठत जातो, म्हणून सुरू करण्याआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेण्याविषयी विचारा.

प्रेडनिसोलोनने, म्हणजे वर म्हटलेल्या स्टेरॉइडच्या गोळीने, तुमचा लॅब आहे त्याहून चौपट खादाड होईल. ओट्यावरचं, कचऱ्याच्या डब्यातलं, काही सोडणार नाही. पाणीही प्रचंड पितो आणि रात्री उठवतो. पाण्याचं भांडं उचलून ठेवू नका, झोपण्यापूर्वीची एक फेरी वाढवा. ही गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, आणि तिच्यासोबत मेलॉक्सिकॅमसारखं दुखण्याचं औषध चालत नाही, पोटात जखमा होतात. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक: गाठींची तपासणी होण्याआधी कुणी स्टेरॉइड सुरू करू नका. गाठी तात्पुरत्या बसतात, निदान अवघड होतं आणि पुढच्या केमोला आजार कमी दाद देऊ शकतो.

जाऊबाईंबद्दल तुमची काळजी रास्त आहे. डोसनंतर निदान तीन दिवस त्याची शी, लघवी, उलटी त्यांनी हाताळायची नाही, अंथरूणही धुवायचं नाही. लहान मुलांनाही हेच. बाकीच्यांनी डिस्पोजेबल हातमोजे घालून पुसायचं, कागद-मोजे पिशवीत गाठ मारून टाकायचे, फरशी साबणाने धुवायची, त्याचे कपडे वेगळे दोनदा धुवायचे. खाली लघवी केली की बाटलीभर पाणी ओतायचं. केमोच्या गोळ्या तोडायच्या किंवा कुटायच्या नाहीत, मोजे घालून अख्खी गोळी चिकनच्या गोळ्यात भरायची आणि गिळली का बघायचं. डोक्यावरून हात फिरवायला, शेजारी बसायला जाऊबाईंना काही हरकत नाही. त्याला कोपऱ्यात वेगळं बांधून ठेवू नका, तो त्याने खचेल.

खाण्यात एकच कडक नियम, कच्चं मांस आणि कच्ची अंडी बंद. बाकी त्याला आवडतं ते, नीट शिजवलेलं, कांदा-लसूण न घालता. भूक गेलेल्या दिवशी चिकनचं कोमट पाणी भातावर घाला, वासाने खातो. पण 24 तास काहीच गेलं नाही किंवा पाणीही टिकत नसेल तर दवाखाना. हळद, गोमूत्र, कुणी सांगितलेला काढा, यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पावसाळ्यात गोचिडांवर डोळा ठेवा. टिक फीव्हरने प्लेटलेट पडतात, ताप येतो, गाठीही सुजतात, आणि मग हा केमोचा परिणाम की दुसराच आजार यात मौल्यवान दिवस जातात. रोज कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात बघायचं. गोचिडांचं औषध आणि राहिलेल्या लसी कधी द्यायच्या, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

पहिल्या डोसआधी डॉक्टरांना विचारून घ्या: बी-सेल आहे की टी-सेल, रात्री फोन कुणाला करायचा, आणि ते नसतील तेव्हा सलाईन लावून कुत्रा ठेवून घेणारा दवाखाना जवळ कुठला. डोसनंतर काहीही अडलं तर इथे लिहा, मी रोज बघते. फक्त ताप 103 किंवा वर असेल, तर इथे लिहिण्याआधी डॉक्टरांना फोन करा.