गुप्त, गोपनीय आणि रुमालाखालचा भाव

देवगडच्या एका बागायतदार स्नेह्यांचा प्रश्न आहे: "ब्रिटनबरोबरच्या व्यापार कराराच्या बातम्यांत कुठे 'गुप्त वाटाघाटी' असतं, कुठे 'गोपनीय वाटाघाटी'. दोन्ही एकच ना? आणि 'शासकीय गुपिते' कायद्यातलं गुपित ते तिसरंच काही?"

एकच नव्हेत. धातू मात्र तिन्हींचा एक, गुप्. त्याचा मूळ अर्थ लपवणं नव्हे, राखणं. चंद्रगुप्त म्हणजे चंद्राने राखलेला. तो काही चंद्रामागे दडून बसला नव्हता. राखायचं म्हटलं की झाकणं आलंच, त्यातून लपवण्याचा अर्थ चिकटला आणि मराठीत तोच उरला.

'गुप्त' म्हणजे राखलं गेलेलं, झाकलं गेलेलं. काम झालेलं आहे. 'गोपनीय'मधला 'अनीय' मात्र पठनीय, दर्शनीय यांतला: तसं करण्याजोगं. दर्शनीय स्थळ कोणी बघायला गेलं नाही तरी दर्शनीयच राहतं. तसंच इथे. गुप्त ही वस्तुस्थिती, गोपनीय हा कोणीतरी दिलेला अभिप्राय. कागद फुटून पेपरात छापून आला तर तो गुप्त उरत नाही, 'गोपनीय' शिक्का मात्र त्याच्यावर तसाच असतो.

उलट बाजूने बघा. फेब्रुवारी १९९३ मध्ये रायगड जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं उतरवली, ती गुप्तपणे. 'गोपनीयपणे उतरवली' असं कोणी लिहिलं तर कानाला खटकेल, कारण गोपनीय ठरवायला अधिकार लागतो. चोराचं सगळं गुप्त असतं, गोपनीय काहीच नसतं.

आता तुमच्याच धंद्यातलं. तुमच्या आंब्याच्या पाच डझनी पेट्या वाशीच्या बाजारात पोचल्या की तिथे रुमालाखाली भाव ठरायची रीत तुम्ही माझ्याहून जास्त पाहिली आहे. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, चेहऱ्यावर रेषा हलत नाही. भोवती पन्नास माणसं उभी, सौदा चाललाय हे सगळ्यांना दिसतंय. सौदा गुप्त नाहीच. गोपनीय आहे तो आकडा, आणि तोही शेजारच्या गिऱ्हाइकापासून. इकडे देवगडात तुम्हाला शेजाऱ्याने विचारावं, "किती गेलो?" तर तुम्ही म्हणणार, "पट्टी येऊं दे, मगे कळात." पट्टी म्हणजे दलालाकडून येणारा विक्रीच्या हिशेबाचा कागद. माल तुमचा आणि भाव तुम्हालाच शेवटी कळणार, ही तक्रार रास्त आहे, पण ती व्याकरणाच्या हद्दीबाहेरची.

ब्रिटनचा करारही रुमालाखालचाच होता. बोलणी जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाली, फेऱ्या जाहीरपणे मोजल्या जात होत्या, २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या आणि मग मसुदा सगळ्यांसमोर आला. कोणत्या मालावर किती जकात सोडायची हे आधी फुटलं तर समोरचा तिथूनच घासाघीस सुरू करतो, म्हणून तो कागद तेवढा झाकलेला. तेव्हा 'गोपनीय वाटाघाटी' बरोबर. वाटाघाटी चालू आहेत हेच कोणाला ठाऊक नसतं, तर 'गुप्त' म्हणावं. बातमीदाराला 'गुप्त' जास्त चमचमीत वाटतं, एवढंच.

अशा बोलण्यांना जुन्या मराठीत झकास शब्द होता: खलबत. मूळ अरबी, अर्थ एकांत. रायगडावर खलबतखाना आजही दाखवतात. पण 'खलबतं' म्हटलं की हल्ली कोणीतरी कोणाचं तरी सरकार पाडतंय असंच वाटतं, त्यामुळे करारासाठी तो शब्द गेला.

गुपित हा गुप्तचाच जुळा भाऊ. संस्कृतात दोन्ही रूपं आहेत. मराठीने एकाला विशेषण केलं, दुसऱ्याला नाम. त्यामुळे १९२३ च्या कायद्याच्या मराठी नावातली 'गुपिते' म्हणजे झाकलेल्या गोष्टी, आणि मंत्री घेतात ती 'गोपनीयतेची' शपथ म्हणजे झाकून ठेवायची जबाबदारी. हा भेद कोणी ठरवून केला असेल असं मला वाटत नाही, पण जमून गेलाय छान.

'अनीय' हा अभिप्राय असल्यामुळे त्याला 'का?' विचारता येतं, गुप्तला विचारता येत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमात माहिती नाकारायची कारणं दिली आहेत: देशाची सुरक्षितता आणि देशाचे आर्थिक हितसंबंध एकाच पोटकलमात आहेत, व्यापारी गुपितांचं पोटकलम वेगळं. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की माहिती उघड करण्यातलं जनहित मोठं ठरलं, तर १९२३ चा कायदा असूनही ती देता येते. सरकारी नोकरांच्या कामाबद्दल वरिष्ठ लिहितात तो 'गोपनीय अहवाल' घ्या. त्यातले शेरे ज्याच्याबद्दल आहेत त्याला कळवलेच पाहिजेत असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं. म्हणजे ज्याच्यापासून इतकी वर्षं राखला, त्यालाच आता द्यायचा. नाव मात्र लोकांच्या तोंडी गोपनीय अहवालच.

जाता जाता एक. माणसाच्या खासगी आयुष्याच्या हक्कालाही हल्ली 'गोपनीयतेचा अधिकार' म्हणतात. मला पटत नाही. सरकार राखतं ती गोपनीयता. माझ्या घरात मी काय खातो तो खासगीपणा. माझ्या ताटातल्या बांगड्यावर शिक्का मारायला कोणी अधिकारी बसलेला नाही.