तिकीट मोबाइलवर आलं, मग ते विकायचा हक्क कोणाचा?

तुमचा प्रश्न असा: "स्टेडियमचं तिकीट आता फक्त मोबाइलवर मिळतं. ऐन वेळी जाता आलं नाही तर दुसऱ्याला विकता येतं का? स्क्रीनशॉट पाठवला तर चालतो का? आणि यामुळे ब्लॅकवाले संपले का?"

मी न्यू जर्सीत राहतो. आम्ही चौघं मिळून बेसबॉलची हंगामी, म्हणजे अख्ख्या हंगामाची तिकिटं घेतो. एका संघाचे घरच्या मैदानावर ८१ सामने असतात, नोकरी-संसार सांभाळून इतके कोण बघणार? त्यामुळे उरलेली तिकिटं विकणं हा काळाबाजार नव्हे, गरज आहे.

स्क्रीनशॉट बहुतेक ठिकाणी चालत नाही. टिकिटमास्टर या अमेरिकेतल्या मोठ्या तिकीट विक्री कंपनीने २०१९ मध्ये 'सेफटिक्स' आणलं, त्यात बारकोड दर १५ सेकंदांनी बदलतो. लॉगिन करताना लागणाऱ्या ऑथेंटिकेटर अॅपमधले आकडे वेळेनुसार बदलतात, तेच हे तत्त्व. तुमचा स्क्रीनशॉट मित्राच्या फोनवर पोचेपर्यंत शिळा झालेला असतो. तिकीट द्यायचं तर अॅपमधूनच ट्रान्सफर करावं लागतं. मग तुमच्याकडचा कोड मरतो आणि घेणाऱ्याच्या खात्यात नवा तयार होतो.

याचा फायदा मी मनापासून मानतो. पीडीएफ छापून न्यायचे दिवस होते तेव्हा पार्किंगमध्ये एका माणसाकडून मी दोन तिकिटं घेतली. गेटवर यंत्र लाल झालं. त्याच तिकिटांवर दुसरं कुणीतरी आधीच आत गेलं होतं. संघाची टोपी घालून आलेल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन परत फिरावं लागलं. तो रस्ताभर एक शब्द बोलला नाही. एकच तिकीट पाच जणांना विकायचा हा धंदा मोबाइल तिकिटाने जवळपास मोडून काढला.

पण त्याची किंमत आपणच मोजतोय. कागदाचं तिकीट हातात पडलं की आपलं व्हायचं. शेजाऱ्याला द्या, गेटबाहेर विका, कोणी विचारत नसे. आता ते खऱ्या अर्थाने आपल्या ताब्यात येतच नाही. ट्रान्सफरचं बटण कधी सुरू करायचं, करायचं की नाही, हे तिकीट देणारा ठरवतो. कोणी किती तिकिटं विकली याची नोंदही त्याच्याकडे राहते. २०१५ मध्ये तिकिटांच्या पुनर्विक्रीचा मंच चालवणाऱ्या स्टबहबने गोल्डन स्टेट वॉरियर्स हा बास्केटबॉल संघ आणि टिकिटमास्टर यांच्यावर दावा लावला होता. हंगामी तिकीटधारकांना टिकिटमास्टरच्याच मंचावर विकायला भाग पाडतात, अशी तक्रार होती. न्यायालयाने दावा फेटाळला. न्यूयॉर्क राज्याने मात्र २०१० मध्येच कायदा केला की कागदविरहित तिकीट विकताना दुसऱ्याला देता येईल असा पर्यायही ठेवलाच पाहिजे. असा कायदा सगळीकडे हवा, असं माझं ठाम मत आहे.

ब्लॅकवाले संपले नाहीत. गेटवरून उठून ते संगणकासमोर बसले. बॉट, म्हणजे आपोआप खरेदी करणारे प्रोग्राम, वापरून तिकिटं उचलण्याविरुद्ध अमेरिकेत २०१६ पासून केंद्रीय कायदा आहे, तरी मोठ्या सामन्याची तिकिटं काही मिनिटांत दुप्पट भावाने दिसू लागतात. २०२४ मध्ये एका संशोधकाने तो बदलता बारकोड कसा बनतो तेही उकलून दाखवलं, म्हणजे तो अडसरही पक्का नाही.

भाव कमी ठेवायचे की नाही, हे तंत्रज्ञान ठरवत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही तिकीट मोबाइलवरच होतं, पण अधिकृत मंचावर ते मूळ किमतीलाच परत विकता यायचं. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी अमेरिकेतल्या सामन्यांना फिफाने पुनर्विक्री खुली ठेवली, शिवाय विकणाऱ्याकडून १५ टक्के, घेणाऱ्याकडून १५ टक्के शुल्क लावलं. मेक्सिकोत राहणाऱ्यांना मात्र तिथल्या सामन्यांची तिकिटं मूळ किमतीलाच द्यायची अट. फोन तोच, नियम वेगळा.

भारतातला अनुभव उलटा. २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकात ई-तिकीट नव्हतंच, ऑनलाइन घेतलं तरी गेटवर कागदी तिकीट लागायचं. कागद आला की ब्लॅकही आलं.

तुम्हाला विकायचं असेल तर घेण्याआधीच तिकिटाच्या अटींत ट्रान्सफरची परवानगी आहे का ते वाचा. सामना सुरू व्हायला तास-दोन तास उरले की साध्या सामन्याचे भाव झपाट्याने उतरतात, त्यामुळे विकणाऱ्याने आदल्या दिवशीच तिकीट विक्रीच्या यादीत टाकावं आणि घेणाऱ्याने धीर धरावा. घेताना नुसत्या फोटोवर पैसे देऊ नका, तिकीट आधी तुमच्या स्वतःच्या खात्यात दिसू द्या.