पुढाऱ्याला जेवण नाकारावे काय?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात एका फाट्यावर माझी खानावळ आहे. सकाळी आलूबोंडा आणि चहा, दुपारी पाटवडी-रस्सा आणि भाकरी, संध्याकाळी वरण-भात, एवढाच पसारा. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झालेला असताना माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांना ते चार हजारांच्या आसपास विकावे लागले. नेमके तेव्हाच विधानसभेच्या प्रचाराचे ताफे माझ्या दारात थांबत होते. एका बाकावर भाव न मिळालेला शेतकरी अर्धी भाकरी सांगतो आणि शेजारच्या बाकावर भावाचे आश्वासन देणारे रस्सा वाढा म्हणून ओरडतात, हे पाहून मनाने घेतले की आता पाटी लावावी : ‘येथे कोणत्याही पक्षाच्या पदाधिकाऱ्यास व लोकप्रतिनिधीस जेवण मिळणार नाही.’ गावबंदीचे फलक लागतात, तर माझी पाटी का लागू नये? मुलगा म्हणतो, धंदा बुडेल. पत्नी म्हणते, दारी आलेल्याला उपाशी पाठवू नये. मला कायद्याने असे करता येईल काय, आणि येत असेल तर करावे काय?
— एक खानावळचालक, केळापूर तालुका

उत्तर : आपण दोन प्रश्न विचारले आहेत आणि ते वेगवेगळे ठेवले आहेत, म्हणून उत्तरही त्याच क्रमाने देतो.

कायद्याचा भाग तुलनेने सोपा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडानुसार केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत जाण्यापासून अडवता येत नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून माल किंवा सेवा नाकारणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाखाली गुन्हा आहे. या यादीत राजकीय पद नाही आणि पक्षही नाही. एखादा आमदार केवळ आमदार आहे म्हणून त्याला ताट वाढले नाही, तर या तरतुदी त्याच्या मदतीला येणार नाहीत. ही यादी सर्वत्र सारखी नसते. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील मानवी हक्कांच्या कायद्यात राजकीय पक्षाशी असलेल्या संबंधालाही संरक्षण आहे; आपल्या घटनाकारांनी मात्र इथल्या माणसाला खरोखर कशावरून दारातून परत पाठवले जात होते ते पाहून यादी केली.

गावबंदीचा दाखला मात्र येथे उपयोगी पडत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात अनेक गावांनी वेशीवर असे फलक लावले होते, हे खरे. पण वेशीवरचा रस्ता सार्वजनिक असतो आणि तेथे कोणालाही अडवण्याचा हक्क कोणाला नसतो. आपली खानावळ आपल्या मालकीची आहे, त्यामुळे त्या फलकांपेक्षा आपली बाजू कायद्याने अधिक भक्कम आहे.

असे असूनही ती पाटी लावू नये, असे माझे मत आहे. आपल्या पत्नींचा निष्कर्ष मला मान्य आहे, कारण मात्र माझे वेगळे आहे.

पाटीवरचा ‘लोकप्रतिनिधी’ हा शब्द पुन्हा वाचून पाहा. तो लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर काचा चढवलेली पांढरी गाडी होती. परंतु सरपंच लोकप्रतिनिधी आहे, ग्रामपंचायतीचा सदस्यही आहे. महाराष्ट्रात पंचायत राज संस्थांमध्ये २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळे आरक्षण आहे. तेव्हा आपल्या पाटीखाली सर्वांत आधी उभी राहणारी व्यक्ती बहुधा मंत्री नसेल. पंचायत समितीतल्या बैठकीहून एस. टी. ने परतताना फाट्यावर उतरलेली, सकाळपासून चहाही न घेतलेली एखादी कोलाम किंवा बौद्ध सरपंचबाई असेल. तिला आपण परत पाठवले, तर आपण तत्त्वासाठी पाठवले यावर ती विश्वास का ठेवील? तिच्या आजीलाही तत्त्वच सांगितले गेले होते. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या हॉटेलात काही कपबश्या बाहेर खिळ्याला टांगलेल्या असत. त्या कोणासाठी होत्या हे कोणत्याही पाटीवर लिहिलेले नव्हते आणि लिहिण्याची गरजही नव्हती. ज्या मुलखात बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंना धम्मदीक्षा दिली, त्या मुलखात दारातून परत पाठवण्याला एक जुना अर्थ आहे, आणि आपला हेतू कितीही स्वच्छ असला तरी तो अर्थ आपल्या पाटीला चिकटणारच. शिवाय अशा प्रसंगी तक्रार झाली, तर नकार पदाला होता की जातीला, हे पटवून देता देता आपली दमछाक होईल.

आता तत्त्वाकडे वळतो. राजकीय माणसाला सेवा नाकारण्याचे अलीकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. जून २०१८ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील लेक्सिंग्टन या लहान गावात ‘रेड हेन’ नावाच्या उपाहारगृहाच्या मालकीणबाईंनी राष्ट्राध्यक्षांच्या माध्यम सचिव सारा सँडर्स यांना जेवण अर्ध्यावर असताना निघून जाण्याची विनंती केली. तत्पूर्वी त्यांनी आपल्या कामगारांना विचारले होते, बोलणे बाजूला नेऊन केले होते आणि जे वाढले गेले त्याचे पैसे घेतले नव्हते. सँडर्स मुकाट्याने निघून गेल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ही गोष्ट आपल्या सरकारी ट्विटर खात्यावरून जाहीर केली, पुढे खुद्द राष्ट्राध्यक्षांनी त्या उपाहारगृहाच्या स्वच्छतेवर शेरे मारले, ते काही दिवस बंद ठेवावे लागले आणि नावात साम्य असण्यापलीकडे काहीही संबंध नसलेल्या दुसऱ्या गावच्या उपाहारगृहांनाही शिव्याशाप ऐकावे लागले.

या प्रसंगातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या बाईंनी दारावर पाटी लावलेली नव्हती. त्यांनी एका व्यक्तीला, तिच्या विशिष्ट कामासाठी, समोरासमोर नकार दिला आणि त्याची किंमत मोजली. त्या बरोबर होत्या की चूक, यावर वाद होऊ शकतो. पण तो नकार कोणाला आणि कशासाठी होता, याबद्दल कोणाचा गोंधळ झाला नाही. आपली पाटी याच्या उलट आहे. ती कृती पाहत नाही, खुर्ची पाहते. आणि हमीभावासाठी बाजार समितीसमोर ठिय्या देणाऱ्या जिल्हा परिषद सदस्यालाही त्याच रांगेत बसवते.

आपल्याकडेही या प्रश्नाचा विचार झालेला आहे. १९२८ च्या बारडोली सत्याग्रहात सुमारे २२ टक्क्यांच्या सारावाढीविरुद्ध शेतकऱ्यांनी जप्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांशी असहकार केला. त्या लढ्याला गांधीजींचा पूर्ण पाठिंबा होता. परंतु अधिकाऱ्यांच्या जीवनावश्यक गरजा अडवू नयेत, हे त्यांचे म्हणणे होते. नंतर ज्यांचा मुक्काम आपल्याच वर्ध्याजवळ सेवाग्रामला पडला, त्या माणसाची ही रेघ मला आजही उपयोगी वाटते. जप्तीच्या कामाला बैलगाडी न देणे म्हणजे त्या कामाला नकार. अधिकाऱ्याला पीठ-मीठ न देणे म्हणजे त्याच्या पोटाला नकार.

हीच रेघ खानावळीत ओढली, तर आपल्याला नाकारण्यासारखे पुष्कळ उरते. ताफा आला की आधीच्या गिऱ्हाइकांना बाकावरून उठवले जाते, ते थांबवा. ‘साहेबांसाठी’ आतली खोली, वेगळी भाजी, आधी वाढणे, हे सारे बंद करा. आणि स्पष्टच विचारतो, रागावू नका : या मंडळींची उधारी किती आहे? आपल्या पत्रात तिचा उल्लेख नाही, पण फाट्यावरच्या खानावळीत ती नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. वीस कार्यकर्ते जेवून जातात, ‘भाऊंच्या नावावर लिहा’ म्हणतात आणि निकालानंतर भाऊ फोन उचलत नाहीत. ज्याला पाटी लावण्याची हिंमत होते, त्याने आधी वही बंद करून दाखवावी. सालगड्याला महिनाअखेरपर्यंत उधार द्या, पदाधिकाऱ्याला रोख.

निवडणुकीच्या काळात तर कायदाच आपल्या बाजूने असतो. उमेदवाराला लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ नुसार खर्चाचा हिशेब ठेवावा लागतो. विधानसभेसाठी महाराष्ट्रात ही मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे, आणि चहा-जेवणाचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतात. म्हणून प्रत्येक ताफ्याला उमेदवाराच्या नावाने, तारीख आणि ताटांची संख्या घालून पक्के बिल द्या. बिल पाहून काही ताफे पुढच्या ढाब्यावर जातील. त्यांना आपण नाकारलेले नसेल.

राहिला तो माणूस, ज्याने खरोखर काही केले आहे : ज्याने आपल्या वाढप्यावर हात उचलला, किंवा सभेत एखाद्या समाजाला मारण्याची भाषा केली आणि त्या समाजाचा मुलगा आपल्याकडे भाकरी वाढतो. त्याला आपण नकार दिलात, तर मी आपल्या बाजूने उभा राहीन. मात्र त्या मुलाला आधी विचारा. कारण आपण गल्ल्यावर बसता आणि रात्री सायकलने एकटा घरी जातो तो.

प्रश्न : माझे बिछायत केंद्र आहे. एका पक्षाच्या सभेसाठी मंडप, खुर्च्या आणि भोंगे यांचा इसार घेतला. नंतर त्या पक्षाच्या नेत्याचे एक भाषण ऐकून मन विटले. आता नाही म्हणता येईल काय?
— एक वाचक, वाशीम जिल्हा

उत्तर : इसार घेण्यापूर्वी नाही म्हणायला आपण मोकळे होता. आता करार झालेला आहे, आणि तो मोडल्यास १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाप्रमाणे समोरचा नुकसानभरपाई मागू शकतो. सभेला पुरेसा अवधी असेल, तर इसार परत करून, दुसरी सोय सुचवून, त्यांच्या संमतीने मोकळे व्हा आणि तसे लिहून घ्या. आदल्या रात्री हात वर करू नका. ते तत्त्व राहत नाही, अडवणूक होते. जेवणाच्या ताटापेक्षा आपला प्रश्न मात्र मी वेगळा मानतो. खानावळवाला माणसाची भूक भागवतो. आपला भोंगा त्याचे शब्द चार गावांपर्यंत नेतो. पुढच्या हंगामात कोणत्याही राजकीय सभेचे काम घेणार नाही, असे आपण ठरवलेत तर त्यात मला काहीच गैर दिसत नाही; फक्त मग ज्याला आपण मत देता त्याच्या सभेलाही मंडप द्यायचा नाही.

प्रश्न : आमच्या गावचे कंट्रोल दुकानदार विरोधी गटाच्या ग्रामपंचायत सदस्याला धान्य देण्यास टाळाटाळ करतात आणि ‘माझे दुकान, माझी मर्जी’ म्हणतात. हे चालते काय?
— एक वाचक, गडचिरोली जिल्हा

उत्तर : चालत नाही. ते दुकान त्यांचे असले तरी धान्य त्यांचे नाही; ते शासनाच्या परवान्यावर शिधापत्रिकाधारकांना धान्य देतात आणि तेथे गट, पक्ष, रुसवा यांपैकी काहीही आड येऊ शकत नाही. त्या सदस्याने तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेकडे लेखी तक्रार द्यावी, तारखेनिशी, आणि पोच घ्यावी. तक्रारीत गटबाजीचा इतिहास लिहू नये. शिधापत्रिकेचा क्रमांक, कोणत्या दिवशी गेलो आणि किती धान्य मिळाले नाही, एवढेच लिहावे.