नाव मोकळे आहे का, हे कोणाला विचारावे?

प्रश्न : मी इचलकरंजीत छोट्या व्यावसायिकांची संकेतस्थळे तयार करतो. अलीकडे एका नोंदणीकर्त्या कंपनीचा रिसेलर (पुनर्विक्रेता) म्हणून डोमेनही, म्हणजे संकेतस्थळांची नावेही, विकू लागलो आहे. ग्राहक जिथे नाव शोधून विकत घेतो त्या ऑनलाइन पॅनेलमध्ये सुमारे चाळीस एक्स्टेन्शन्स (डॉट कॉम, डॉट इन यांसारखे नावाचे शेवटचे भाग) भरली आहेत. मात्र काही वेळा नाव मोकळे दिसते, ग्राहक पैसे भरतो आणि नंतर नोंदणी नाकारली जाते. चूक कुठे होत असावी?

उत्तर : आपले पॅनेल बहुधा जुन्या ‘हूइज’ पद्धतीने चौकशी करत असावे. या पद्धतीत रजिस्ट्रीच्या (त्या एक्स्टेन्शनमधील सर्व नावांची मूळ नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) सर्व्हरला पोर्ट ४३ या ठरलेल्या जोडणीवर नाव विचारले जाते आणि उत्तरादाखल आलेल्या मजकुरात ‘नोंद सापडली नाही’ अशा अर्थाचे ठरावीक शब्द आढळले की नाव मोकळे समजले जाते. परंतु नोंद नसणे आणि नाव विक्रीस असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रजिस्ट्रीने राखून ठेवलेल्या किंवा ‘प्रीमियम’ म्हणून चढ्या दराने विकायच्या नावांचीही नोंद सापडत नाही. त्यामुळे ग्राहकाला ती मोकळी आणि नेहमीच्याच दरात मिळणारी वाटतात. शिवाय डॉट कॉमसारख्या जागतिक एक्स्टेन्शन्सना २८ जानेवारी २०२५ पासून हूइज सेवा चालवण्याचे बंधन उरलेले नाही. तिची जागा ‘आरडॅप’ या नोंदणीची माहिती देणाऱ्या नव्या पद्धतीने घेतली आहे. हूइज सर्व्हरांची जुनी यादी वापरणारे पॅनेल बंद सर्व्हरला विचारत राहते, आणि काही पॅनेले तर रिकाम्या उत्तराचाही अर्थ ‘उपलब्ध’ असा लावतात.

म्हणून ज्या दारी नोंदणीची मागणी जाणार, चौकशीही त्याच दारी करावी. आपल्या नोंदणीकर्त्याच्या एपीआयमध्ये (पॅनेल आणि नोंदणीकर्त्याची प्रणाली यांना थेट जोडणाऱ्या दुव्यात) उपलब्धता-तपासणीची सोय असेल. पॅनेलच्या सेटिंगमध्ये हूइजऐवजी ती निवडा, प्रीमियम नावांचा दर तिथूनच येऊ द्या आणि पैसे घेण्याच्या क्षणी तीच तपासणी पुन्हा होईल असे पाहा. डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेत) नाव उघडत नाही, म्हणजे ते मोकळे आहे, असा सोपा मार्ग काही जण सुचवतात. तो मात्र टाळा. डॉट कॉमचे रद्द झालेले नाव आधी ३० दिवस मूळ मालकाला परत मिळवता येते आणि त्यानंतर ५ दिवस ते हटवण्याच्या प्रतीक्षेत असते. या काळात ते उघडत नाही, पण दुसऱ्या कोणाला मिळतही नाही.

चाळीस एक्स्टेन्शन्सचा सोस मला अनाठायी वाटतो. प्रत्येकीचा नोंदणी, नूतनीकरण आणि एका नोंदणीकर्त्याकडून दुसऱ्याकडे स्थलांतर यांचा दर वेगवेगळा भरावा लागतो, आणि पहिल्या वर्षीची सवलत नूतनीकरणाच्या रकान्यात चुकून राहिली तर पुढच्या वर्षीचा तोटा आपल्याच खिशातून जातो. डॉट जीओव्ही डॉट इन, डॉट एसी डॉट इन, डॉट बँक डॉट इन ही पात्र संस्थांसाठीच राखीव असल्याने यादीत असतील तर काढून टाका. डॉट इनसोबत मालकाची माहिती झाकणारी प्रायव्हसी सेवा विकण्यास परवानगी नाही. तो पर्याय तिथे बंद ठेवा.

डॉट भारत ठेवायचे असेल, तर आपल्या ग्राहकांसाठी देवनागरीतले निवडा. मराठी आणि कोकणी दोन्ही त्यात बसतात. फक्त ग्राहकाने देवनागरीत टाइप केलेले नाव चौकशीला जाण्यापूर्वी पॅनेल त्याचे ‘प्युनीकोड’मध्ये (इतर लिप्यांतील नाव इंग्रजी अक्षरे-अंकांत लिहिण्याच्या पद्धतीत) रूपांतर करते का, हे जोडाक्षरे असलेली दोन-चार नावे घालून स्वतः तपासा.